पास झालेला माल

रस्त्यानं एखादा माणूस उजवा हात खांद्याएवढा वर धरून, ओठ घट्ट मिटून, कुणाकडे न बघता येताना दिसला की आमच्या त्या गावात लोक बाजूला सरत. गाडीवान कासरा ओढून बैल थांबवी. विहिरीवरून येणाऱ्या बाया कडेला उभ्या राहत. रामराम कुणी घालत नसे. मी गावात नवा होतो. मला वाटलं, मौन घेतलेला कुणी बुवा असावा, आणि बुवा मंडळींशी माझं लहानपणापासून वाकडं. म्हणून मी मुद्दाम पुढे होऊन मोठ्यानं नमस्कार घातला.

तो माणूस थांबला. वर धरलेला हात हळूच खाली आला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं, पण तो रागावला नाही.

"सांडलं ना जी," एवढंच म्हणाला आणि आला तसा परत गेला.

सांडलं ते काय, हे मला शाळेच्या शिपायानं सांगितलं. "मुन्शीभाऊ होते ते, डेपोतले. कविता घेऊन घरी जाऊन राह्यले होते. मधात कोनी बोललं का इसरते त्यायले." मग हसून म्हणाला, "तुमची खोली त्यायच्याच घरी ठरवली हाय, मास्तर."

पन्नास सालानंतरची ती वर्षं. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत आणि गडचिरोली चांद्याच्याच पोटात होती. मूल गावावरून सावलीकडे जाताना धानाची शेतं संपून जिथं रान सुरू होई, तिथं आमचं गाव. गावाच्या टोकाला लाकडांचा डेपो. रानात तोडलेला साग बैलगाड्यांवरून तिथं येई. मुन्शीभाऊंनी प्रत्येक ओंडक्याची गोलाई मोजायची आणि मांडून ठेवायची. मग दुसरा एक माणूस येऊन ते तपासे आणि ओंडक्याच्या तोंडावर लोखंडी हातोडीनं ठसा मारी. ठसा बसला की माल पास झाला. बिनठशाचं लाकूड फाटकाबाहेर सापडलं तर ते चोरीचं समजायचं. मोजणारा एक आणि पास करणारा दुसरा, हा तिथला कायदा. इतरांसाठी तो नोकरीपुरता होता. मुन्शीभाऊ त्या कायद्यानं जेवतही असत.

म्हणजे खरोखरच. ताटात मीठ कमी आहे की जास्त, हे ते स्वतः कधी म्हणत नसत. आधी बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एक घास खाऊन "बराबर हाय" म्हणायचं, मग हे हात घालणार. रांधणाऱ्या बाईच असत, तेव्हा हा न्याय उलटा झाला, असं मी एकदा दाखवून दिलं. ते विचारात पडले. दुसऱ्या दिवसापासून मिठाचा निकाल मला द्यावा लागे.

दिसायला माणूस उंच, थोडा वाकलेला, खाकी कोट, खाली धोतर. बोटाच्या पेरानं कशावरही टकटक करून कान लावायची त्यांना सवय. भोपळ्यावर, घागरीवर, शाळेच्या फळ्यावर, एकदा तर निवडणुकीच्या प्रचाराला आलेल्या पुढाऱ्याच्या मोटारीवर. "पोकळ हाय," असं सांगून ते शांतपणे निघून गेले आणि पुढाऱ्याची माणसं मोटार कुठं फुटली ते शोधत बसली. माणसांनाही तीच मापं. अमका सरळ, तमका किडका. माझ्याबद्दल ते बाईंना म्हणाले होते, "गाठी लय हायेत मास्तराले, पन भरीव हाय." मी ते कौतुक समजून घेतलं. दुसरं कुणी केलंही नव्हतं.

माझ्या खोलीला दार नव्हतं. चौकट होती, दाराच्या जागी बांबूचा तट्टा टेकवलेला. दाराचं लाकूड मुन्शीभाऊंनी लिलावात रीतसर घेतलं होतं, ते डेपोतच पडून होतं. पण पास करायला येणारा माणूस आजारी होता, आणि त्याची हातोडी त्यानं मुन्शीभाऊंच्याच ताब्यात देऊन ठेवली होती. हातोडी घरात, लाकूड डेपोत, आणि अख्खा पावसाळा मी तट्ट्याआड झोपलो. एकदा रात्री कुत्रं आत येऊन माझ्या अंथरुणात निजलं. सकाळी मी भडकलो.

"भाऊ, हातोडी तुमच्याकडं आहे. एक ठोका मारा की."

"आपला माल आपुन पास करत नसते, मास्तर."

"कोण बघतंय?"

"म्याच पाहून राह्यलो ना जी."

दार लागलं ते दिवाळीनंतर.

कवितांचंही असंच होतं. ओंडक्यांच्या रांगांतून मोजत फिरताना त्यांना कविता सुचे. ती ते कागदावर उतरवत नसत. "लिवलं का ते सरकारी झालं," म्हणत. त्यांच्या हातून आयुष्यभर जे लिहिलं गेलं ते सगळं डेपोचं होतं, त्यामुळे तसं वाटत असावं. कविता सुचली की हातातली फीत खाली ठेवायची, उजवा हात वर करायचा, तोंड मिटायचं आणि थेट घर गाठायचं. बाई अंगणात धान कांडत असत. मुसळ थांबे. हे उभ्याउभ्या कविता म्हणत, एकदाच. बाई "हं" म्हणत. मुसळ पुन्हा सुरू होई आणि हे डेपोत परत. एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला आले आणि नेमके वाटेत भेटले. साहेबांनी थांबवून काही विचारलं. हे हात वर करून पुढे निघून गेले, घरी कविता उतरवली आणि धापा टाकत परत येऊन सलाम ठोकला, "आता बोला, साहेब." साहेबांनी थेट जिल्ह्याच्या पार टोकाला, सिरोंच्याला बदलीची धमकी दिली. लेखी माफीवर सुटले. माफी मी लिहिली, सही त्यांची.

बाईंना अक्षरओळख नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवताना त्या कालची कविता आपल्याशी म्हणून बघत. पूर्ण आठवली तर ती पास. नाही आठवली, मध्ये कुठं अडली, तर गेली. मुन्शीभाऊ त्याबद्दल हळहळत नसत. कडुनिंबाची काडी चावत माझ्या दारात येत आणि मी विचारलं नसतानाही निकाल सांगत. "राह्यलं." किंवा, "नाई राह्यलं." आठवड्यातून एखादं राही.

"पण ती चांगली असली तर?" मी एकदा म्हटलं.

"तिच्यापाशी जे राह्यलं नाई ते चांगलं कसं असन?"

मी मराठी शिकवत होतो. वृत्तं मला पाठ होती, आणि वासरात लंगडी गाय शहाणी या न्यायानं त्या गावात मी स्वतःला साहित्यातला जाणकार समजत असे. त्यांच्या कविता म्हणजे खेड्यातली गाणी असतील, अशी माझी समजूत. एका सकाळी चहा देता देता बाई सहज म्हणून गेल्या:

साग पडला, रान हाललं.
मोह पडला, गाव रडलं.
माय पडली आमच्या घरी,
चुलीनं तेवढं तोंड मिटलं.

"कुणाचं हो हे?" मी विचारलं.

"यायचंच. यायची माय मेली तवाचं." त्या सांडशीनं निखारे सारत होत्या. "यायले आता आठवत बी नसन."

चहा माझ्या हातात तसाच निवला. त्या दिवसापासून रस्त्यात हात वर दिसला की गावातल्या इतरांच्या आधी मी बाजूला होऊ लागलो.

बाईंचा खोकला मी आलो तेव्हापासूनच होता. तिसऱ्या वर्षी तो वाढला. मुसळ बंद झालं. चांद्याच्या दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टरांनी छातीचा रोग सांगितला आणि फार उशीर झाला, असंही सांगितलं. मुन्शीभाऊंनी परत आल्यावर बाईंच्या पाठीवर हलकेच पेरानं टकटक केलं आणि कान लावला. मी बघत होतो. त्यांनी काय ऐकलं ते बोलून दाखवलं नाही.

त्याच सुमारास शाळेत येणाऱ्या एका साप्ताहिकात मी जाहिरात वाचली. नागपूरच्या एका लहानशा छापखान्यानं नवोदित कवींची स्पर्धा लावली होती. जिची एकही कविता छापलेली नाही अशा व्यक्तीनं आपल्या कवितांचं हस्तलिखित पाठवायचं. जे निवडलं जाईल त्याचं ते पुस्तक काढणार. मी अंगणात बसून अटी मोठ्यानं वाचून दाखवल्या. कागदाच्या एकाच बाजूला सुवाच्य लिहावं. नाव-गाव वेगळ्या बंद पाकिटात घालावं. हस्तलिखितावर कवीचं नाव किंवा कसलीही ओळखीची खूण असू नये.

"आपल्याले काय कराचं हाय जी," मुन्शीभाऊ म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले.

बाई खाटेवर पडून होत्या. मला वाटलं, झोपल्यात.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "पुस्तकात राह्यते का हो सारं?"

"राहतं ना, बाई. ते कशाला जातंय?"

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला खाटेजवळ बोलावलं. मी ओसरीवर होतो, सगळं ऐकू येत होतं.

"अवो, माह्यापाशी तुमचं एवढं सामान हाय. मी गेल्यावर कुठी ठेवसान?"

"तू कुठी जातं?"

"आता पोराटकीवानी नका करू. उतरवून घ्या. माह्या डोक्यावरचं वझं उतरवा, म्हंजे मले सुखानं जाता येईन."

लिहिण्यावरचा त्यांचा आयुष्याचा हट्ट त्या एका वाक्यानं मोडला. दुसऱ्याच दिवशी ते माझ्याकडून कोरे कागद घेऊन गेले.

मग रोज डेपोतून आले की खाटेशी पाट टाकून बसत. बाई सांगत, हे लिहीत. अक्षर डेपोचंच, सरळ आणि टपोरं. बाईंना मोठा श्वास लागत असे, ओळ म्हणून झाली की थांबावं लागे. मुन्शीभाऊ टाक हातात धरून वाट बघत, आणि त्यांच्या तोंडावर नवल असे. आपल्याच कविता ते पहिल्यांदा ऐकत होते. एकदा सांगून मोकळे झाल्यावर त्यांनी त्या पुन्हा कधी ऐकल्याच नव्हत्या.

"हे म्या केलं?" ते मध्येच विचारत.

"नाई त काय म्या केलं?"

"कवा?"

"आपला पोरगा गेला त्या सालात."

पोरगा होता, हे मला त्या दिवशी कळलं. त्या घरात मी तीन वर्षं राहत होतो. बाईंनी ती कविता शेवटपर्यंत सांगितली, एकही शब्द न अडखळता, आणि मुन्शीभाऊंनी ती लिहिली. लिहिताना त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून ते मान वळवून लिहीत होते. मी उठून रस्त्यावर गेलो.

काम संपलं तेव्हा थंडी पडली होती. मी म्हटलं, एकदा मला वाचायला द्या, मात्रा-वेलांटी बघतो. ते म्हणाले, बाईनं पास केल्यावर आणखी कोण बघणार? मीही आग्रह धरला नाही. त्यांनी गठ्ठा मांजरपाटाच्या कापडात शिवला, डेपोची पाकिटं करतात तशी लाख लावली, नावाचं पाकीट वेगळं ठेवलं. मी विचारलं, "आत कुठं नाव नाही ना?" त्यांनी गळ्याला हात लावून सांगितलं, नाही. बाईंच्या अंगठ्याला शाई लागलेली मला दिसली होती. शेतीच्या कसल्या तरी कागदावर घेतला असेल अंगठा, असं मला वाटलं. माणूस अंथरुणाला खिळला की घरचे असे कागद करून घेतातच.

मूलच्या टपालात गठ्ठा पडला तेव्हा बाईंना बरं वाटलं. दोन घास जास्त जेवल्या. त्या दिवसापासून पोस्टमन दारावरून गेला की त्या मान उचलून बघत. "आलं का जी?" "नाही बाई. वेळ लागतो. परीक्षकांना वाचावं लागतं." "वाचू द्या. सावकाश वाचू द्या," त्या म्हणत.

मोहाची फुलं गळायच्या दिवसांत त्या गेल्या. सकाळच्या वेळी, चहा मागितला आणि तो यायच्या आत. गावातली माणसं जमली, रडली, उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुन्शीभाऊ चुलीसमोर बसले होते. चूल पेटवायची ती वेळ होती.

गठ्ठा त्यानंतर परत आला. पोस्टमननं तो माझ्याच हातात दिला. लाख फोडलेली होती. वर छापखान्याच्या मालकाची चार ओळींची चिठ्ठी. परीक्षकांना कविता फार आवडल्या होत्या, असं त्यात होतं. निवडीच्या वेळी सर्वांत पुढं हेच हस्तलिखित होतं. परंतु प्रत्येक पानावर ओळखीची खूण असल्यानं ते नियमाबाहेर ठरवावं लागलं. पुढच्या वर्षी खुणा वगळून स्वच्छ प्रत पाठवल्यास आनंद होईल.

मी कापड उलगडलं. प्रत्येक पानावर, कवितेच्या खाली, उजव्या कोपऱ्यात एक निळा अंगठा होता. सुरुवातीच्या पानांवर ठळक, रेषा न् रेषा उमटलेली. पुढे पुढे फिकट होत गेलेला. शेवटच्या काही पानांवर तो वाकडा पडला होता, दुसऱ्या कुणीतरी हात धरून टेकवावा तसा.

मला संताप आला. कुणाचा ते नीट सांगता येत नाही. मुन्शीभाऊ डेपोतून आल्यावर मी चिठ्ठी त्यांच्यापुढं वाचली आणि वरच्या आवाजात म्हणालो, "मी अटी वाचून दाखवल्या होत्या की नाही? खूण नको म्हटलं होतं ना?"

"नाव कुठी हाय? पाहा ना. नाव नाई."

"अंगठा आहे!"

"अंगठा खूण नाई जी, मास्तर. पास हाय तो." ते अगदी समजावणीच्या सुरात सांगत होते, मी शाळेत पोरांना सांगतो तसं. "बिनठशाचा माल म्या जिनगानीत फाटकाबाहेर जाऊ देल्ला नाई. आन आपलाच कसा धाडू? त्यायनं म्हनलं असतं, चोरीचा हाय."

पालथ्या घड्यावर पाणी, असं मनात म्हटलं. पण खरं तर त्यांचं म्हणणं मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जास्त त्रास होत होता. त्या पोस्टमनकडे मान उचलून बघणाऱ्या बाई माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

"बरं," मी म्हणालो, "झालं ते झालं. कविता त्यांना आवडल्यात. मी स्वतः सगळं उतरवून काढतो. अंगठा नको, काही नको. पुढच्या वर्षी पाठवू. पुस्तक होईल, भाऊ. बाईंचीच इच्छा होती."

त्यांनी गठ्ठा उचलून मांडीवर घेतला. मला वाटलं, मानलं.

"तुमी उतरवसान," ते म्हणाले, "त मंग तो नवा माल झाला. तो कोन पास करन?"

"तुम्हीच करा! तुमच्याच तर कविता."

"आपला माल आपुन पास करत नसते."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. मी त्या दिवशी त्यांच्याशी भांडलो, पुढं महिनाभर अधूनमधून भांडत राहिलो. मी चोरून उतरवून घेतलं असतं तरी चाललं असतं, असं मला कितीतरी जणांनी नंतर म्हटलं. त्यांनी तो माणूस पाहिला नव्हता. गठ्ठा मुन्शीभाऊंनी पुन्हा कापडात शिवला आणि धानाच्या कोठीवर ठेवून दिला, बाई बियाण्याची गाडगी ठेवत असत तिथं. कापडावरून त्यांनी एकदा पेरानं टकटक केलं. कागदाचा कसला आवाज येणार? तरी त्यांनी कान लावला होता.

माझी बदली झाली ती त्यानंतरच्या वर्षी. निघण्याच्या आधी काही दिवस, भर दुपारी, मी शाळेतून येत होतो. समोरून मुन्शीभाऊ येत होते. उजवा हात खांद्याएवढा वर, ओठ मिटलेले. कासरा ओढून एका गाडीवानानं बैल थांबवले. बाया घागरी सावरत कडेला झाल्या. त्या घरात ऐकायला आता कुणी नाही, हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. मीही बाजूला झालो. ते माझ्या अंगावरून घरात गेले. अंगणात ते उभ्याउभ्या काहीतरी म्हणत होते, ते मला बाहेर ऐकू आलं. शब्द कळले नाहीत. म्हणून झाल्यावर ते तिथंच उभे राहिले, कुणी "हं" म्हणेल म्हणून थांबावं तसे. मग डेपोत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धूत होतो. कडुनिंबाची काडी चावत ते माझ्या दारात आले. मी काही विचारलं नाही.

"नाई राह्यलं," ते म्हणाले.

त्या गावात माझ्या जितक्या सकाळी उरल्या होत्या, तितक्या सकाळी ते येऊन एवढंच सांगत गेले.